बरोबरीचा प्रस्ताव देताना या चुका टाळा

सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हटले जाते आणि भाऊसाहेब पडसलगीकरांचे नूतन बुद्धिबळ मंडळ, भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे या बुद्धिबळपटू ही नावे घेतली की त्याचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. तरीही येथील स्पर्धांत सिसिलियन बचाव या डावाच्या सुरुवातीच्या पद्धतीच्या पंधरा चाली घडाघडा खेळणारी मुले बरोबरीचा प्रस्ताव मांडताना अडखळतात, आणि मोठी माणसेही.

सर्वांत मोठी चूक क्रमाची. आधी पटावर चाल करावी, मग ‘ड्रॉ’ म्हणावे आणि त्यानंतरच घड्याळ दाबावे, असा नियम आहे. अनेक वर्षांपूर्वी सांगलीतल्याच एका खुल्या स्पर्धेत मी चाल न करताच समोरच्या आजोबांना ‘ड्रॉ घेता का?’ असे विचारले. ‘आधी चाल तर करा, मग बघू,’ असे म्हणून ते स्वस्थ बसले. प्रस्ताव वेळेआधी दिला म्हणून रद्द होत नाही आणि एकदा दिला की मागेही घेता येत नाही. त्यामुळे माझी चाल पाहून मग उत्तर देण्याची मुभा त्यांना फुकटात मिळाली. मी गडबडीत उंट चुकीच्या घरात नेला, आजोबांनी शांतपणे घोडा उचलला, आणि मोहऱ्याला हात लागताच प्रस्ताव फेटाळला गेला.

प्रतिस्पर्धी विचार करत असताना, म्हणजे त्याचे घड्याळ चालू असताना, प्रस्ताव देणे हा त्याला त्रास देण्याचाच प्रकार ठरतो. दर दोन चालींनी तेच विचारणेही तसेच; पंच ताकीद देऊ शकतात किंवा समोरच्याचा वेळ वाढवू शकतात. ‘वजीर बदललास तर ड्रॉ’ अशी अट प्रस्तावाला जोडता येत नाही. गप्प बसणे म्हणजे नकार नव्हे, होकार तर नव्हेच. प्रस्ताव दिला की दोघांनीही आपल्या स्कोअरशीटवर, म्हणजे चाली नोंदवण्याच्या कागदावर, (=) असे चिन्ह काढावे. पुढे वाद झाला तर तोच पुरावा असतो.

तेच स्थान, म्हणजे पटावरची मोहऱ्यांची तीच मांडणी, तिसऱ्यांदा येत असताना मात्र बरोबरीसाठी समोरच्याच्या संमतीची गरज नसते, तरीही येथे हमखास घोटाळा होतो. ज्या चालीने ते स्थान येणार आहे ती खेळून, घड्याळ दाबून मग पंचांना हाक मारणारा आपला हक्क गमावून बसतो. ती चाल पटावर न खेळता स्कोअरशीटवर लिहावी आणि पंचांना बोलावून दावा करावा. दावा चुकीचा निघाल्यास प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे वाढवून मिळतात आणि लिहिलेली चाल खेळावीच लागते. पुनरावृत्ती सलग असण्याची गरज नाही, परंतु चाल करण्याची पाळी त्याच खेळाडूची हवी आणि कॅसलिंगसारखे (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचे) हक्कही तेच हवेत.

डावपेचांच्या दृष्टीने पाहिले तर प्रस्ताव म्हणजे आपल्या मनातली धाकधूक समोरच्याला कळवणे होय. डाव बिघडू लागल्यावर केलेली विचारणा त्याला आणखी जोमाने खेळायला लावते. शिवाय नकार आल्यावर, मनाने आधीच पटावरून उठलेला खेळाडू पुढच्या चाली सैल खेळतो, हे मी स्वतःच्या बाबतीतही पाहिले आहे. विरुद्ध रंगांच्या घरांवरचे उंट आणि समान प्यादी उरली असतील तर विचारणे रास्त आहे, पण समोरच्याने नकार दिला म्हणून तो उद्धट ठरत नाही. याउलट, अधिक रेटिंगचा खेळाडू स्वतःहून प्रस्ताव देतो तेव्हा हुरळून लगेच हात पुढे करू नये. आपली सर्वोत्तम चाल आधी मनात शोधावी, त्याला कशाची भीती वाटली ते तपासावे आणि मगच उत्तर द्यावे. घड्याळ आपले चालू असते, तेव्हा तो वेळ आपल्या हक्काचा आहे.

शेवटच्या फेरीत बक्षिसाचे गणित मांडून आधीच ठरवलेली बरोबरी हा जुना रोग आहे. १९६२ च्या कुरासाओ येथील, विश्वविजेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत पेत्रोस्यान, गेलर आणि केरेस या सोव्हिएत खेळाडूंचे आपसांतले बाराही डाव बरोबरीत सुटले आणि बॉबी फिशरने त्यावर जाहीर टीका केली. २००५ मध्ये सोफियातील स्पर्धेत परस्परसंमतीच्या बरोबरीला बंदी घालण्यात आली. ठरावीक चालींआधी बरोबरीस मनाई करणारा नियम स्थानिक स्पर्धेतही असू शकतो, म्हणून पहिल्या फेरीपूर्वीच पंचांना विचारून घ्यावे. पालकांनी दारातून खुणा करून ‘घे, घे’ असे सुचवणे म्हणजे बाहेरून दिलेला सल्लाच, आणि त्याची शिक्षा मुलाला भोगावी लागते.

बरोबरी ठरली की घड्याळ थांबवावे, हस्तांदोलन करावे आणि दोन्ही स्कोअरशीटवर अर्धा-अर्धा गुण लिहून दोघांनी सह्या कराव्यात. डावाची चर्चा मात्र सभागृहाबाहेर, कारण शेजारच्या पटावर अजून कोणीतरी विचार करत बसलेले असते.