शुगर-हार्टच्या पेशंटमधलं डिप्रेशन ओपीडीत कसं ओळखायचं

डायबेटिस, हार्ट, सीओपीडी (फुफ्फुसाचा जुना आजार), किडनी अशा जुन्या दुखण्यांच्या पेशंटमध्ये डिप्रेशन बऱ्यापैकी असतं, पण "मला उदास वाटतंय" असं कोणी येऊन सांगत नाही, अंगात त्राण नाही, झोप लागत नाही असं सांगतात आणि आपण रिपोर्ट बघून गोळी वाढवून मोकळे. औषधं नीट घेत नाही म्हणून पेशंटवर चिडायच्या आधी हे एकदा बघा.

सुरुवात पीएचक्यू-२ ने करा, म्हणजे डिप्रेशन चाळायचे दोन प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही असं किती वेळा झालं, आणि उदास-निराश किती वेळा वाटलं, बस. प्रत्येकी ० ते ३ मार्क, बेरीज ३ किंवा जास्त आली की पूर्ण पीएचक्यू-९, म्हणजे तशाच नऊ प्रश्नांची यादी. वाचता येत नसेल तर सिस्टरनी वाचून दाखवायचं, सोबतच्या नातेवाइकांना बाहेर बसवून, कारण घरच्यांसमोर खरं उत्तर येत नाही.

पीएचक्यू-९ ला २७ पैकी १० किंवा जास्त म्हणजे नीट बसून बोलायला हवं. आता खरी गोची इथे आहे, थकवा, झोप, भूक हे आजारानेही बिघडतं, म्हणून काहीजण ते मार्क वजा करतात. तसं करू नका, फक्त मार्क कुठून आलेत ते बघा. मी सरळ विचारतो, जरा बरं वाटतं त्या दिवशी आवडीचं काही करावंसं वाटतं का? "वाटतं हो, पण जमत नाही" वेगळं, ते आजाराकडे झुकतं, आणि "वाटतच नाही" वेगळं, ते डिप्रेशनकडे. सोबत हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची टेस्ट), मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ पण तपासा, आणि स्टिरॉइड चालू आहे का तेही.

नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या विचारांना, शून्य सोडून काहीही आलं तर टोटल कितीही कमी असो, तिथल्या तिथे विचारा: काही ठरवलंय का, आधी प्रयत्न केलाय का, घरातली औषधं कोणाच्या ताब्यात असतात. विचारल्याने डोक्यात विचार घुसत नाही. धोका वाटला तर एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी सायकिॲट्रिस्टकडे.

मार्क म्हणजे डायग्नोसिस नव्हे हं. गोळी लिहायच्या आधी मॅनियाची (उत्साह अतोनात वाढण्याच्या आजाराची) हिस्टरी घ्या, आणि रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर एसएसआरआय गटातल्या डिप्रेशनच्या गोळ्यांनी ब्लीडिंगचा धोका वाढतो हे लक्षात ठेवा. पुढची तारीख देऊनच पाठवा, ४ ते ६ आठवड्यांनी परत पीएचक्यू-९, मार्क निम्म्यावर आले तर गाडी रुळावर आहे, टार्गेट मात्र ५ च्या खाली, काहीच हललं नसेल तर डोस बघा नाहीतर रेफर करा.