महेश्वरी साडीची स्लिंग बॅग कशी शिवायची, आणि मग विकायची कशी

इंदूरच्या मराठी घरात कपाटाच्या वरच्या फळीवर एक तरी महेश्वरी असतेच, मधून विरलेली पण काठ अजून ठणठणीत. नेसता येत नाही आणि टाकवत तर अजिबात नाही. अशा साडीचं काय करू हे इतके जण विचारतात की म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं. साडी जुनी असो की महेश्वरहून आणलेला नवा दुपट्टा, पद्धत तीच आहे. फक्त एक आधीच सांगते, बॅगचं कौतुक होतं ते वरच्या कापडामुळे पण ती टिकते ती आतल्या कापडामुळे, आणि व्हिडिओवाले नेमका तोच भाग पाच सेकंदात उरकून टाकतात.

कापड कुठलं

महेश्वरीत बहुतेक वेळा ताणा रेशमी आणि बाणा सुती असतो, म्हणून ती एवढी हलकी आणि चमकदार पण रोजच्या वापराची. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ राज्य केलं, राजधानी महेश्वर, आणि तिथल्या विणकरांना खरा आधार त्यांचाच मिळाला. नंतर हे काम बरंच मंदावलं होतं, मग १९७० च्या दशकाच्या शेवटी होळकर घराण्यातल्याच लोकांनी विणकरांसाठी रेहवा सोसायटी काढली आणि माग परत जोरात सुरू झाले. काठावरची नक्षी किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडी कामातून आलेली आहे, वीट, चटई, हिरा, नर्मदेच्या लाटेसारखी लहर. हे इतिहास म्हणून नाही सांगत हां, कापताना कामाला येतं. वीट आणि चटई सरळ रेघेत चालतात, बाजूच्या शिलाईवर पुढची आणि मागची नक्षी जरा जरी खालीवर झाली तरी लगेच डोळ्यात येतं. लहर असेल तर थोडं खपून जातं.

अजून एक सोय म्हणजे पारंपरिक महेश्वरीचा काठ, ज्याला बुगडी म्हणतात, तो दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. एका बाजूची जर, म्हणजे जरीची तार, घासली गेली असेल तर दुसरी बाजू वर घ्या, कुणाला कळणारही नाही. जुन्या पद्धतीच्या पदरावर पाच पट्टे असतात, तीन रंगीत आणि मधे दोन पांढरे, तो तुकडा जपून ठेवा, फ्लॅपवाली बॅग करायची असेल तर त्याच्याइतका सुंदर फ्लॅप दुसरा नाही.

पहिल्यांदाच शिवत असाल तर मात्र सरळ बाग प्रिंटपासून सुरुवात करा. धार जिल्ह्यातलं बाग गाव, तिथले खत्री कारागीर ठशांनी हे छापतात, लाल रंग तुरटी आणि अलिझरीनचा, काळा गंजलेलं लोखंड आणि गुळाच्या पाण्याचा. कापड सुती आहे, मशीनखाली सरकत नाही, इस्त्री सोसतं. फक्त शिवायच्या आधी दोनतीनदा साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवा कारण सुरुवातीला रंग सुटतो, आणि आत पांढरं अस्तर लावू नका. चंदेरी स्लिंगसाठी मला नाही आवडत, एवढं पारदर्शक कापड आहे की आतली पेस्टिंग (कापडाला मागून इस्त्रीने चिकटवायचा डिंकाचा थर) दिसते, तिची पोटली करा. खण आणि इरकल दोन्ही चालतात, खणाचा पन्हा लहान म्हणून छोट्या पाऊचला जास्त बरा.

नवं घेणार असाल तर महेश्वर इंदूरपासून नव्वद किलोमीटरच्या आसपास आहे, धामनोदवरून जायचं. पूर्ण साडी कशाला, दुपट्टा घ्या किंवा कटपीस विचारा. आणि महेश्वरी म्हणून यंत्रमागाचं आणि छापील कापडही भरपूर विकलं जातं, काठ उलटून बघायचा, मागून नक्षी फिकट दिसली तर छापलेली आहे. वाटल्यास एकदोन धागे काढून जाळून बघा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख होते, रेशमाला केस जळल्याचा आणि राखेची गुठळी बोटाने चुरता येते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो.

जुन्या साडीची तब्येत बघा

आणि त्याहीआधी घरात विचारा. साडी तुमच्या ताब्यात असली तरी आत्या, मावशी, काकू सगळ्यांना एकदा फोन करा, कात्री लागल्यावर "ती तर मी माझ्या सुनेला देणार होते" हे ऐकून घ्यायचं नसेल तर.

मग साडी खिडकीत धरा, उजेड पलीकडून यायला हवा. विरलेल्या जागा जाळीसारख्या दिसतील, त्यांच्याभोवती खडूने खूण करा. सगळ्यात जास्त दगा देतात त्या घड्या, वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेलं रेशीम बरोब्बर त्याच रेघेवर चिरतं. दोन्ही अंगठ्यांमधे कापड धरून हलकं ताणा, एकदा उभ्या धाग्याच्या दिशेने आणि एकदा आडव्या. चर्र झालं तर तो भाग बॅगसाठी बाद, त्याचा टॅसल करा, फ्रेममधे लावा, काहीही, पण बॅगमधे नको, कारण मोबाईल आणि चाव्यांचं वजन त्याच्यावर येणार आहे. काठ सहसा जास्त घट्ट विणलेला असतो म्हणून तो वाचतो.

डांबरगोळ्यांचा वास दोनतीन दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवलं की बराचसा जातो. जरीची साडी घरी धुऊ नका, ड्रायक्लीनला द्या. काळी पडलेली जर लिंबाने वगैरे घासत बसू नका, मला तर तो काळसरपणाच आवडतो आणि घेणाऱ्यालाही आवडतो, जुनं आहे हे कळतं.

सामान

अस्तराला सुती पॉपलीन घ्या, साटीन नको, ते सुटतं आणि सरकतं. रंग शक्यतो फिका, म्हणजे बॅगेत हात घालून चाव्या शोधाव्या लागत नाहीत. पातळ विणलेली पेस्टिंग, दोनतीन मिलीमीटरचा फोम, पाच नंबरची नायलॉन चेन मीटरवर आणि ती उघडबंद करायचा रनर वेगळा, मेटलची चेन दिसते छान पण रेशमाला घासते. एक इंची डी रिंग दोन, हुक दोन, बेल्टला आतून घालायला निवार. चेन, रिंगा, हुक असलं सगळं इंदुरात राजवाड्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत मिळून जातं. अस्तर पुढे जास्त लागायला लागलं की एम. टी. क्लॉथ मार्केटमधून थानच उचला. मशीनला नुसत्या रेशमासाठी ११ नंबरची सुई, फोमसकट सगळे थर आले की १४ ची.

आधी पेस्टिंग, मग कात्री

लोक उलटं करतात. महेश्वरी कापली की कडेचे धागे सुटायला लागतात आणि तुकडा तिरका होतो, मग पेस्टिंग बसवताना तो तिरकेपणा कायमचा चिकटून बसतो. म्हणून हव्या त्या मापापेक्षा दोनेक इंच मोठा तुकडा काढा, इस्त्रीच्या टेबलावर उभे आडवे धागे काटकोनात आहेत ना बघा, मग मागून पेस्टिंग, डिंकाची खरखरीत बाजू कापडाकडे. वर मलमलचा तुकडा. इस्त्रीचं बटण रेशमावर, वाफ बंद. एका जागी आठदहा सेकंद दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची. ओढायची नाही, ओढली की काठ वाकडा झालाच समजा. सगळं झालं की तिथेच गार होऊ द्या, गरम असताना उचललं तर फुगे येतात.

हे सगळं आधी एका निरुपयोगी तुकड्यावर करून बघा आणि त्यात जर असलीच पाहिजे, कारण आजकालची बरीच जर प्लास्टिकच्या पट्टीची असते, जास्त तापली तर आकसते आणि काठाला चुण्या पडतात त्या नंतर कशानेच जात नाहीत. साडी फार जुनी असेल तर पेस्टिंगच्या मागे मलमलचा अजून एक थर ठेवून कडेने धावदोरा घाला, तेवढ्याने बॅगचं आयुष्य खूप वाढतं.

माप आणि कटिंग

तयार बॅग ९ इंच रुंद, ७ इंच उंच धरू, मोठ्यातला मोठा मोबाईल आडवा आरामात बसतो आणि इंदूरच्या सानंद संस्थेच्या नाटकाला न्यायला अगदी बरोब्बर साईज. चारी बाजूंना अर्धा इंच माया (शिलाईत जाणारं जास्तीचं कापड), म्हणजे १० बाय ८ चे दोन तुकडे वरच्या कापडाचे आणि दोन अस्तराचे. फोम ९ बाय ७, मायेत फोम येऊ द्यायचा नाही नाहीतर कोपरे जाडजूड होतात, आणि तो मागून कच्च्या टाक्यांनी पकडून ठेवा म्हणजे हलणार नाही. काठ कुठे आणायचा ते आधी कागदावर काढून बघा. बरेच जण काठ बरोब्बर मधोमध आणतात, मला तो खालच्या बाजूला आडवा आवडतो, साडीत जसा पायाशी असतो तसा. फक्त काठाच्या खाली मायेचा अर्धा इंच सोडा, नाहीतर नक्षीच शिलाईत जाते.

बेल्टसाठी ४ इंच रुंद आणि ५० इंच लांब पट्टी, चार पदरी दुमडली की एक इंच होते, आत निवार. एवढी लांब पट्टी उभ्या धाग्यावर काढा म्हणजे ताणत नाही. बेल्टला जरीचा काठ लावू नका. फोटोत फार भारी दिसतो पण मानेला टोचतो आणि कपड्यांवर घासून आधी तोच फाटतो. रिंगा अडकवायला ४ बाय ३ चे दोन तुकडे, तेही असेच चार पदरी दुमडून टीप मारून घ्या.

शिवायचं कसं

अस्तराच्या एका तुकड्यावर आधी खिसा लावून टाका, नंतर लावता येत नाही. आता चेन. वरचं कापड सुलट बाजू वर, त्याच्यावर चेन उलटी, त्याच्यावर अस्तर उलटं, तिघांच्या कडा एकत्र टाचणीने पकडा, मशीनला चेनचा पाय (झिपर फूट) लावून टीप मारा. उलटून इस्त्री, मग कडेला वरून एक टीप, म्हणजे अस्तर चेनमधे अडकत नाही. दुसऱ्या बाजूला परत हेच. टाका तीन मिलीमीटरच्या आसपास ठेवा, बारीक टाक्याने रेशीम कापलं जातं.

पुढचं वाक्य दोनदा वाचा. चेन अर्धी उघडा. बंद ठेवून शिवलीत तर बॅग सुलटी करायला वाटच राहत नाही आणि बसा उसवत.

आता वरचे दोन तुकडे सुलटाला सुलट आणि अस्तराचे दोन सुलटाला सुलट असे समोरासमोर येतील. रिंगवाल्या पट्ट्या अर्ध्यात दुमडून चेनच्या अर्धा इंच खाली, रिंग आतल्या बाजूला, दोन्हीकडे एकाच उंचीवर. काठाची नक्षी दोन्ही बाजूंना टाचणीने जुळवून घ्या, इथे घाई नको. मग सगळीकडून अर्ध्या इंचावर टीप, फक्त अस्तराच्या तळाला चार इंच मोकळे सोडा. अस्तराकडची टीप अगदी किंचित जास्त आत घ्या, म्हणजे अस्तर आत झोळासारखं लोंबत नाही. रिंगेच्या जागी दोनतीन वेळा टीप, सगळं वजन तिथे आहे. कोपरे तिरके कापा, टिपेला धक्का न लावता, मोकळ्या जागेतून बॅग सुलटी करा, कोपरे विणकामाच्या सुईने हळूच बाहेर ढकला. कात्रीचं टोक वापरू नका. मोकळी जागा हातशिलाईने बंद. हुक लावून बेल्ट अडकवा.

किंमत

इथे सगळ्या जणी लाजतात. समजा कापड १२० रुपयांचं गेलं, अस्तर पेस्टिंग फोम ७०, चेन रिंगा हुक ६०, झाले २५०. वेळ तीन तास, तासाला १२० धरले तर ३६०. वीज, मशीनची सर्व्हिसिंग, पॅकिंग, वाया गेलेले तुकडे यांचे ९० टाका. ७०० झाले, आणि हा तुमचा खर्च आहे, नफा नाही. दुकानात ठेवायला दिली आणि दुकानदार तीस टक्के घेत असेल तर हजाराला विकली गेली तेव्हा कुठे तुमच्या हातात ते ७०० पडतात. म्हणून किंमत हजाराच्या वरच ठेवा आणि स्टॉलवर स्वतः विकताना पण तीच ठेवा, नाहीतर दुकानवाला पुढच्या वेळी घेणार नाही. "अशी बॅग तर बाहेर अडीचशेत मिळते भिया" हे ऐकावं लागणारच, तेव्हा वाद घालू नका, बॅग उघडून आतलं अस्तर आणि रिंगेजवळची शिलाई दाखवा.

विकायला इंदुरात ढक्कनवाला कुआंचं ग्रामीण हाट बाजार आहे, दिवाळीच्या आधी मराठी मंडळांचे स्टॉल लागतात, आणि ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिवस असतो त्या सुमारास लोकांना अशा वस्तूंची आठवण येते, तेव्हा जुलैतच माल तयार ठेवा. फोटो सकाळच्या उजेडात, फ्लॅशमधे जरी काम पांढरं फटक दिसतं. बॅगला लावायच्या चिठ्ठीवर कापड कुठलं, साडी जुनी की नवी, कोरडंच पुसायचं, धुवायचं नाही, एवढं लिहा. हातमागाचं आहे हे खात्रीने माहीत असेल तरच तसं लिहा.

लोक स्वतःची साडी आणून देतात ती ऑर्डर सगळ्यात छान आणि सगळ्यात नाजूक. साडी घेतानाच त्यांच्यासमोर उघडून फोटो काढा, विरलेल्या जागा दाखवा, कुठून कापणार ते खडूने आखून त्यांचा होकार घ्या, व्हॉट्सॲपवर लेखी. अर्धे पैसे आधी. कापडाचे पैसे नाहीत म्हणून शिलाई स्वस्त करू नका, उलट जुन्या कापडाला वेळ जास्त लागतो. आणि उरलेलं सगळं कापड, अगदी बोटभर कात्रणंसुद्धा, पिशवीत भरून परत द्या. त्यातूनच बरेचदा दुसरी ऑर्डर येते, बहिणीसाठी अजून एक पाऊच.