नायट्यावर उरलेली ट्यूब लावण्याआधी

जांघेत गोल चट्टा, कडा लाल, मधला भाग जरा साफ आणि घाम आला की जीव नकोसा करणारी खाज? बहुधा नायटा, म्हणजे बुरशी. घरात पडलेली ट्यूब पिळण्याआधी तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही स्टेरॉइडं. ती त्वचेचा दाह दाबतात, पण तिथली प्रतिकारशक्तीही दाबतात. खाज थांबते, बुरशी निवांत पसरते. (गोरं व्हायला हेच चेहऱ्याला फासणाऱ्यांपुढे तर हात टेकले!)

डॉक्टरांनी एक्झिमासाठी (म्हणजे इसबासाठी) स्टेरॉइडचं मलम दिलं असेल, तर तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली मलमाची रेघ, साधारण अर्धा ग्रॅम, बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. बरेच दिवस लावलेलं मलम मात्र विचारूनच बंद करा.