ब्रिटनमध्ये ‘सायकल टू वर्क’ योजनेचा फायदा कसा घ्यावा

ब्रिटनमध्ये नोकरी करत असाल आणि सायकलने कामावर जायचं मनात असेल, तर दुकानात शिरण्याआधी एचआरला गाठा. ‘सायकल टू वर्क’मध्ये कंपनी तुम्हाला सायकल भाड्याने देते आणि भाड्याचा हप्ता पगारातून कापते. तिथे १९९९ पासून ही करसवलत आहे, पण ती मिळते कंपनीमार्फतच. कंपनीने योजना घेतलेली नसेल, तर आधी तिच्याच मागे लागावं लागेल.

मग पगार तपासा. सायकलचा हप्ता कर कापण्याआधीच्या पगारातून जातो, आणि तो वजा केल्यावर पगार किमान वेतनाखाली घसरता कामा नये.

आता सायकल निवडा. काही कंपन्यांत १,००० पौंडांची मर्यादा असते, ती विचारून घ्या. ई-सायकलही चालते, फक्त मोटर २५० वॉटपर्यंतची हवी आणि ताशी १५.५ मैलांनंतर तिची मदत थांबायला हवी. हेल्मेट, दिवे, कुलूप याच रकमेत बसवा.

सही करण्याआधी मात्र करार नीट वाचा, कारण कागदोपत्री सायकल तुमची नसतेच, ती भाड्याची असते. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. समजा, १,००० पौंडांची सायकल १२ महिन्यांच्या भाड्याने घेतली. २० टक्के आयकर आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सामाजिक विम्याची वर्गणी) धरून २८० पौंड वाचले. वर्ष संपताच ती विकत घेतलीत, तर कर खात्याच्या कोष्टकाप्रमाणे तिची किंमत २५ टक्के, म्हणजे २५० पौंड. हाती उरले ३०! एवढ्यासाठी कोण फॉर्म भरत बसेल? तेच भाड्याची मुदत वाढवून घेतली आणि सायकल ४ वर्षांची झाल्यावर विकत घेतली, तर ७ टक्केच लागतात. ७० पौंड गेले तरी २१० राहिले. म्हणून मुदत वाढवता येते का आणि त्याचे वेगळे पैसे पडतात का, हे आधीच विचारा.

पहिली पगारपावती आली की हप्ता कराच्या आधी कापलाय ना, ते बघा. पेन्शनची वर्गणी कमी झालेल्या पगारावर धरली असेल, तर तिथेही थोडी कात्री लागते. मध्येच नोकरी सोडलीत, तर उरलेले हप्ते सहसा शेवटच्या पगारातून एकदम वळते होतात, आणि तेही कर कापून उरलेल्या रकमेतून. त्यामुळे राजीनाम्याचा विचार घोळत असेल, तर सायकल घेणं थोडं पुढे ढकला.

वापराची अट सोपी आहे: निम्म्याहून जास्त वापर कामाच्या ये-जा साठी हवा. घर ते स्टेशन एवढी रपेटही त्यात धरतात. रविवारी पोरांबरोबर फिरायला नेलीत, तर चालतं.