सीटवाल्या लॉन मोअरचे पार्ट शोधताय? आधी नंबर शोधा

राइडिंग मोअर बिघडलं की बहुतेक जण बॉनेटवरचं नाव आणि डेकची (ज्याच्या खाली ब्लेड फिरतात त्या पत्र्याच्या भागाची) साइज टाकून सर्च मारतात, अमुक कंपनीचा ४२ इंची बेल्ट वगैरे, मग समोर चार वेगवेगळे बेल्ट येतात आणि चारही तुमच्याच मशीनला बसतात असं लिहिलेलं असतं. एकच कंपनी ४२ इंची डेकची मशीनं वर्षानुवर्षं काढत असते आणि आतल्या पुली, स्पिंडल (ब्लेड ज्यावर फिरतं तो दांडा) मधेच कधीतरी बदललेल्या असतात. म्हणून नाव, रंग, साइज सगळं बाजूला ठेवा, मॉडेल नंबर हातात आल्याशिवाय एक पैसा खर्च करू नका.

नंबर कुठे सापडतो

सीट उचलून बघा, बऱ्याच मशीनवर सीटखालच्या पत्र्यावरच स्टिकर असतो. तिथे नसेल तर मागच्या फेंडरच्या खाली, चासीवर मागच्या चाकाजवळ, नाहीतर बॉनेट उघडून आतल्या बाजूला. ग्रीस-माती बसलेली असेल तर साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने हळू पुसा, पेट्रोल किंवा थिनर लावलं की मातीबरोबर छपाईपण निघून जाते. अक्षरं पुसट असतील तर टॉर्च बाजूने तिरका धरा, समोरून मारलेल्या उजेडात न दिसणारे आकडे तिरक्या उजेडात दिसतात. आणि फोटो काढून ठेवा, कारण वाचून लिहिताना ओ आणि शून्य, बी आणि आठ हमखास उलटसुलट होतात.

मॉडेल नंबर आणि सीरियल नंबर दोन्ही घ्या. मॉडेल तेच पण अमुक सीरियलपर्यंत एक पार्ट आणि त्याच्यापुढे दुसरा, असं बऱ्याचदा असतं.

इंजिनचा नंबर मात्र वेगळा, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. मशीन एका कंपनीचं आणि इंजिन ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, कोहलर किंवा कावासाकीचं, हे अगदी कॉमन आहे. फिल्टर, प्लग, कार्बोरेटर, गॅस्केट हे सगळं इंजिनच्या नंबरवरून शोधायचं, मशीनच्या नाही. ब्रिग्जच्या इंजिनवर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन गट असतात, त्यातल्या कोडचे पहिले सहा आकडे म्हणजे इंजिन बनल्याची तारीख, १२०३१५ असेल तर २०१२ च्या मार्चची १५ तारीख. जुनं मशीन विकत घेताना हे बघितलं तर विकणारा वर्ष किती खरं सांगतोय ते तिथल्या तिथे कळतं. कोहलरवर मॉडेलसोबत स्पेक नंबर (इंजिनच्या नेमक्या प्रकाराचा नंबर) असतो आणि पार्ट शोधायला तो जास्त कामाचा.

क्राफ्ट्समनचं मशीन असेल तर अजून एक गंमत. सिअर्सच्या (क्राफ्ट्समन ब्रँड ज्यांचा होता त्या अमेरिकन दुकानांच्या) काळातली क्राफ्ट्समन मशीनं दुसऱ्या कंपन्या बनवून द्यायच्या आणि मॉडेल नंबरच्या पहिल्या तीन आकड्यांवरून कोणी बनवलंय ते कळतं. ९१७ म्हणजे एवायपी (अमेरिकन यार्ड प्रॉडक्ट्स), जी नंतर हस्क्वार्ना या स्वीडिश कंपनीकडे गेली, आणि २४७ म्हणजे एमटीडी ही अमेरिकन कंपनी. याचा फायदा असा की क्राफ्ट्समनच्या नावाने पार्ट मिळाला नाही तरी खऱ्या बनवणाऱ्याच्या नावाने मिळतो. एवायपीच्या जुन्या सहा आकडी पार्ट नंबरच्या पुढे ५३२ लावला की बहुतेकदा हस्क्वार्नाचा नंबर तयार होतो, आणि एमटीडीचा ७५४ ने सुरू होणारा बेल्ट नंतर ९५४ ने सुरू होणाऱ्या नंबरने विकला जायला लागला, बेल्ट तोच.

पार्ट मागवताना

मॉडेल नंबर टाकून कंपनीचं पार्ट्स डायग्राम उघडा, ज्यात सगळे भाग सुटे करून दाखवलेले असतात. आपला तुटलेला भाग चित्रात ओळखा, त्याच्या बाजूचा आकडा खालच्या यादीत बघा, तिथे खरा पार्ट नंबर मिळेल. तो नंबर बंद झाला असेल तर घाबरू नका, बऱ्याचदा त्याच्या जागी नवा नंबर दिलेला असतो.

बेल्टच्या बाबतीत एक सांगतो, जुना बेल्ट मोजून नवा घेऊ नका, वापरून तो ताणला गेलेला असतो आणि मोजमाप चुकतं. आणि गाडीचा साधा व्ही-बेल्ट स्वस्त पडतो म्हणून लावायचा मोहही टाळा, डेकचा बेल्ट ब्लेड चालू-बंद करताना पुलीवर घासतो, त्यासाठी आतून अ‍ॅरामिडचे म्हणजे केव्हलारसारखे धागे असलेला बेल्ट लागतो, साधा लवकर जळतो. जुना काढायच्या आधी तो कुठल्या पुलीच्या कुठल्या बाजूने गेलाय त्याचा फोटो काढा, तो कितीही सोपा वाटला तरी.

ब्लेड एका धारेच्या टोकापासून समोरच्या धारेच्या टोकापर्यंत तिरकं, मधल्या भोकावरून मोजायचं. लांबी जुळली तरी भोक बघा, कुठे गोल, कुठे पाच टोकांच्या चांदणीचं, कुठे सहा टोकांच्या, आणि चुकीचं भोक असलेलं ब्लेड कसंही बसवू नये. स्पिंडलमधून खरखर आवाज येत असेल तर अख्खा स्पिंडल घ्यायच्या आधी बेअरिंगवरचा नंबर वाचा, बऱ्याच डेकमध्ये ६२०३ असतं, आतलं भोक १७ मिमी, बाहेरून ४० मिमी, आणि ते कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं.

ओरिजिनल की डुप्लिकेट? माझं मत, फिल्टर आणि प्लग चांगल्या ब्रँडचे कुठलेही चालतात, बेल्ट आणि ब्लेड मात्र ओरिजिनल घ्या. अगदी स्वस्तातला कार्बोरेटर म्हणजे लॉटरी आहे, त्यापेक्षा आधी जुना उघडून जेट (पेट्रोल जिथून येतं ते बारीक भोक) साफ करून बघा.

देखभाल

डेकखाली हात घालायच्या आधी चावी काढायची आणि स्पार्क प्लगची वायर ओढून बाजूला ठेवायची, प्लग दोन असतील तर दोन्हींच्या. मशीन उचललं असेल तर नुसत्या जॅकवर विश्वास नको, खाली स्टँड लावा.

ऑइल साधारण दर ५० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. इंजिन थोडं गरम असताना काढा म्हणजे घाण पण वाहून येते. गरम हवेत एसएई ३०, थंडीत १०डब्ल्यू-३०, आणि काठीवरच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरू नका. एअर फिल्टर दर २५ तासांनी उघडून बघा, फोमवालं साबणाने धुता येतं, कागदाचं धुवायचं नाही, ते बदलायचंच.

पेट्रोल हा सगळ्यात मोठा घात. महिनाभर टाकीत पडलेलं पेट्रोल शिळं व्हायला लागतं आणि कार्बोरेटरच्या बारीक भोकात चिकट थर बसतो. सीझन संपला की टाकी रिकामी करा नाहीतर स्टॅबिलायझर (पेट्रोल शिळं होऊ न देणारं द्रव) टाकून इंजिन दहा मिनिटं चालवा म्हणजे तो कार्बोरेटरपर्यंत पोचेल. इथेनॉल १० टक्क्यांपेक्षा जास्त असलेलं पेट्रोल टाकू नका.

ब्लेडला धार लावताना मूळचा कोन धरा, साधारण ३० अंश. ग्राइंडरने पातं निळं पडेपर्यंत तापवलं तर त्याचा कडकपणा जातो, कानस हळू पण सुरक्षित. मग ब्लेड मधल्या भोकातून खिळ्यावर अडकवा, जी बाजू खाली झुकेल ती अजून थोडी घासा. तोल नसलेलं ब्लेड बेअरिंग लवकर खातं. बसवताना वळलेले पंख वर, डेककडे.

गवत एका बाजूला खोल आणि दुसरीकडे वर राहत असेल तर डेकला हात लावायच्या आधी टायरची हवा बघा, निम्म्या वेळा दोष तिथेच असतो. त्यानंतर सपाट जमिनीवर दोन्ही बाजूंची ब्लेडची टोकं सारख्या उंचीवर आणा, आणि पुढचं टोक मागच्यापेक्षा थोडं खाली, अंदाजे ३ ते १० मिमी.

चावी फिरवली आणि काहीच नाही

आवाजच येत नसेल तर स्टार्टर मागवायची घाई नको. ब्रेक पेडल पूर्ण दाबलंय का, ब्लेडचा स्विच बंद आहे का, सीटवर नीट बसलात का, फ्यूज गेलाय का, हे आधी. या मशीनवर सीटखाली, ब्रेकजवळ आणि ब्लेडच्या लिव्हरजवळ सेफ्टी स्विच असतात आणि त्यातल्या एकाची वायर सैल झाली तरी मशीन मुकं होतं. नुसता टक् आवाज येत असेल तर बॅटरी मोजा, पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, टर्मिनल घासून साफ करा (निगेटिव्ह आधी काढा, शेवटी लावा), आणि हे सगळं ठीक असेल तर सोलेनॉइडवर (स्टार्टरला करंट देणाऱ्या स्विचवर) संशय घ्या.

सीटचा स्विच वायर जोडून कायमचा बायपास करायची आयडिया बरेच जण देतात. करू नका. माणूस सीटवरून उठला की ब्लेड थांबवण्याचं काम तोच करतो, आणि मॉडेल नंबर हातात असेल तर तो स्विच शोधणं अजिबात अवघड नाही.