बाप्तिस्म्यानंतरचं पहिलं वर्ष

"काका, बाप्तिस्मा घेऊन तीन महिने झाले, पण राग काही जात नाही. मग माझं तारण झालंच नाही का?" आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका पोरानं बागेत वेलीच्या काडीवरचे डोळे, म्हणजे फुटव्याच्या कळ्या, विरळताना मला विचारलं. तासगाव तालुक्यात आमची दीड एकर द्राक्षबाग आहे, बोलणं बहुतेक तिथंच होतं.

नव्या विश्वासणाऱ्यानं आधी हा प्रश्न मिटवावा. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढ, आठवं-नववं वचन वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हातानं लिही. तारण, म्हणजे पापातून सुटका, ही कृपेनं, विश्वासाच्या द्वारे; ते देवाचं दान आहे, आपल्या कर्मानं मिळालेलं नाही. राग कमी झाला म्हणून ते मिळत नाही. ज्या दिवशी मन डळमळेल त्या दिवशी ते पान उघडायचं.

वाचायला मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात कर. सोळाच अध्याय आहेत, रोज एक. बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून धरलंस तर नियमांनी भरलेल्या लेवीयात अडकशील, मी बरेच जण तिथं थांबलेले पाहिलेत. मग योहानाचा पंधरावा अध्याय सावकाश वाच. "मी खरा द्राक्षवेल" असं प्रभू म्हणतो, ते आपल्यासारख्या बागायतदाराला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. एप्रिलची खरड छाटणी झाली की बाग नुसती खुंटं उभी केल्यासारखी दिसते. नव्या काड्या येतात, त्यांच्या डोळ्यांत घड धरतो तो उन्हाळ्यातच, पण वरून काही दिसत नाही. तो घड बाहेर पडतो ऑक्टोबर छाटणीनंतर. त्या पोराला मी काडी हातात धरून डोळा दाखवला. म्हटलं, यात घड आहे, तू फोडून बघू नकोस.

प्रार्थना आपल्या बोलीत कर. पाळकांसारखे शब्द लागत नाहीत. "देवा, काल आईवर ओरडलो, माफ कर" एवढं पुरे. पण मग उठून आईलाही ते सांग. हे अवघड जातं, मलाही अजून जातं; तरी त्याच दिवशी करावं, रात्र उलटू देऊ नये.

रविवारची उपासना चुकवू नकोस. मंडळीतला एक वडीलधारा माणूस धर, ज्याला रात्री दहालाही फोन करता येईल.

घरच्यांशी वाद घालू नकोस, त्यांच्या देवांबद्दल वाईट बोलू नकोस. मराठी कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हत्या. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो काही वर्षांनी, त्यांच्या स्वतःच्या मनाला पटल्यावर. पुढं १९१७ साली टिळकांनी इथं शेजारच्या साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला, तेव्हा त्या सोबत होत्या. तुझ्या आईलाही तेवढा वेळ दे. तोवर तिची बीपीची गोळी संपायच्या आधी आणून ठेवत जा.