बाहेरचं बाक पायातून खचतं: बसवताना या चुका टाळा

बागेतलं किंवा फुटपाथवरचं जुनं बाक दिसलं की आधी खाली वाकून बघा. बसायच्या पट्ट्या धडधाकट असतात, रंगही बरा असतो. पण पाय जिथे काँक्रीटमध्ये शिरतो तिथे बोटभर भाग गंजून त्याचे पापुद्रे सुटलेले असतात. वरचा पाऊस बाक वर्षानुवर्षं सोसतं. त्याला खातं ते साचलेलं पाणी.

म्हणून पाय थेट काँक्रीटमध्ये गाडू नका. लोखंड आणि काँक्रीट यांच्यात केसाएवढी फट पडतेच, आणि तिथे शिरलेलं पाणी लवकर वाळत नाही. पायाला बेसप्लेट, म्हणजे तळाशी सपाट लोखंडी पट्टी लावा, खालच्या चौथऱ्याला बाहेरच्या बाजूने उतार द्या आणि अँकर बोल्टने, म्हणजे काँक्रीटमध्ये पकड घेणाऱ्या बोल्टने आवळा. पुढे बाक बदलायचं झालं तर फरशी फोडावी लागत नाही, हा वरचा फायदा.

दुसरी फसगत रंगाची. कोटेशनमध्ये ‘पावडर कोटेड’ (कोरडी रंगपूड भाजून चढवलेला थर) वाचलं की आपण निर्धास्त होतो. पण साध्या लोखंडावर नुसतं पावडर कोटिंग असेल तर एका ओरखड्यातून गंज आत शिरतो आणि कोटिंगच्या खालून पसरतो; आपल्याला दिसतो तो फुगलेला रंग. त्याखाली हॉट-डिप गॅल्वनायझिंग मागा, म्हणजे सगळा सांगाडा सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला. वेल्डिंग आणि भोकं त्याआधीच उरकायची. जागेवर आणल्यावर ‘एक भोक राहिलंच’ म्हणून कुणी ड्रिल काढला, की तिथला मुलामा गेलाच समजा. पोकळ पाइपांना तळाशी निचऱ्याची भोकं हवीत. समुद्राकाठी ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसवरही तांबूस डाग पडतात, तिथे ३१६ घ्या.

लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना भिडवून बसवू नका. ओलं लाकूड रुंदीत फुगतं, म्हणून ६ ते १० मिमी फट ठेवा. कापलेली टोकं सर्वांत जास्त पाणी पितात, ती आधी सील करा. प्रत्येक पट्टी सुटी काढता आली पाहिजे, नाहीतर एक कुजली की सगळं बाक उतरवावं लागतं.

टिकाऊपणाच्या नादात माणूस विसरू नका. बैठक जमिनीपासून साधारण ४५ सेंमी हवी. हात टेकायला दांडी नसेल तर गुडघेदुखीवाले बसतील, पण उठणार कसे? आणि भर उन्हात काळा ग्रॅनाइट कुणाला सुचतो, हे मला अजून कळलेलं नाही.

बसवलेलं बाक डुगडुगतंय? आधी नट आवळून बघा. नटाबरोबर बोल्टही फिरत असेल तर काँक्रीटमधली पकड सुटली आहे. कितीही आवळलं तरी उपयोग नाही, नवा अँकर बसवावा लागेल.

आणि ठेकेदाराकडून ताबा घेताना बाकावर बादलीभर पाणी ओता. अर्ध्या तासाने बैठकीवर, सांध्यात, बेसप्लेटपाशी जिथे जिथे पाणी उरलेलं दिसेल तिथे खडूने खूण करा. तेवढं दुरुस्त झालं की मग बिलावर सही.